तंकमणीचं पुढचं बोलणं

रोज संध्याकाळी देवापुढचा दिवा लावायच्या आधी तंकमणी नव्या घरातल्या पाचही संडासांत एकेक तांब्या पाणी ओतून यायची. वापर नसला की भांड्यातलं पाणी आटतं, मग खालून वास येतो, झुरळं चढतात, असं तिला गवंड्याने सांगितलं होतं. आणि तेच शारजाहून नवऱ्याने फोनवर पुन्हा बजावलं होतं. म्हणून ती आधी खालचे दोन करायची, मग गाऊनचा घोळ एका हाताने उचलून, दुसऱ्या हातात बादली घेऊन जिना चढायची आणि वरचे तीन करायची. वरच्या मजल्यावर कुणी राहत नव्हतं. पलंगाच्या गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. खिडकीतून समुद्राचा वारा आला की ते एकटंच फडफडत राहायचं.

केरळातल्या वाडानप्पळ्ळीत या घराला सगळे ‘सुगुणनचं घर’ म्हणत. तिच्या नवऱ्याने, सुगुणनने, ते पाहिलं होतं ते पायाभरणीला आणि नंतर एकदा स्लॅबच्या वेळी. बाकी सगळं तंकमणीने उभं केलं. लग्नाआधीपासून ती गुरुवायूरला एका शिवणाच्या दुकानात होती. तिच्या हातचा ब्लाउज अंगावर बसतो तसा कुणाचाच बसत नाही, म्हणून बायका तिची वाट बघत थांबायच्या. घराचं काम सुरू झालं तेव्हा सुगुणन म्हणाला, गवंड्यांपाशी आपलं माणूस उभं पाहिजे, नाहीतर ते वाळूच वाळू कालवतात. तंकमणीने कात्री दुकानदाराच्या हातात दिली आणि उन्हात छत्री घेऊन उभी राहिली. घर पूर्ण झालं. मुलगी मंगळूरला नर्सिंगच्या वसतिगृहात गेली. सासू कल्याणीअम्मा शेजारीच जुन्या कौलारू घरात राहत होती. नव्या घराच्या गुळगुळीत फरशीवर पाय सटकतो, असं म्हणून तिने तिथे झोपायला नकार दिला होता. ती यायची ते फक्त टीव्ही बघायला.

टीव्हीवर रविवारी दुपारी तो कार्यक्रम लागायचा. घरच्या बायकांनी फोन लावायचा, आखातातल्या नवऱ्याचं नाव सांगायचं, दोन शब्द बोलायचे आणि त्याच्यासाठी गाणं लावून घ्यायचं. थेट प्रक्षेपण असायचं. इकडे दिसायचं त्याच वेळी तिकडे कामगारांच्या कॅम्पांमध्येही दिसायचं. सुगुणनने सांगून ठेवलं होतं, “सगळ्यांच्या बायका लावतात. खोलीतल्या प्रत्येकाचं नाव येऊन गेलं. माझंच राहिलंय.”

म्हणून त्या रविवारी तंकमणीने फोन लावला. लाइन एंगेज, पुन्हा एंगेज. शेवटी लागला, तेव्हा पलीकडच्या मुलीने नाव-गाव विचारून घेतलं, टीव्हीचा आवाज कमी करा म्हणाली आणि थांबायला सांगितलं. कानात बासरीची एकच धून फिरत राहिली. फोन जिन्याखाली आणि टीव्ही दिवाणखान्यात, त्यामुळे आवाज कमी करायला उठणार कोण? कल्याणीअम्माने ते काम आपलं नाही असं ठरवलं होतं.

थोड्या वेळाने बासरी थांबली.

“तुटला वाटतं,” तंकमणी म्हणाली. पण एवढ्या मुश्किलीने लागलेला फोन ठेववेना, म्हणून रिसीव्हर मानेत धरून तशीच उभी राहिली.

“लागला की नीट बोल,” कल्याणीअम्मा खुर्चीतून म्हणाली. “तोंड गोड करून. चारचौघांत ऐकणार आहे तो.”

“तोंड गोड करून काय सांगू, अम्मा? घरात पाच संडास बांधलेत, बसायला मी एकटी. आता काय, वार लावून बसू? सोमवारी खालचा, मंगळवारी वरचा?”

“हळू बोल.”

“कशाला हळू? ऐकतंय कोण? त्यांना बायको नकोच होती, राखणदारीण पाहिजे होती. मी म्हणते या, तर फरशीचा नमुना येतो. मी म्हणते मला तरी न्या, तर पडद्याचं कापड येतं. सामान सगळं येतं. माणूस तेवढं येत नाही.”

आणि तेव्हा दिवाणखान्यातून, काही क्षण उशिरा, तिला आवाज आला: *तोंड गोड करून काय सांगू, अम्मा?* तिचाच आवाज, पण जरा जाडसर, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. तिने वाकून पाहिलं. टीव्हीत निवेदिका तोंडावर हात धरून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

कल्याणीअम्माने टीव्हीकडे पाहिलं, मग जिन्याखाली पाहिलं. “अगं,” ती म्हणाली, “तू आत कशी गेलीस?”

स्टुडिओत कुणीतरी आधीची लाइन बंद करून पुढची उघडली होती आणि निवेदिकेला सांगायचं विसरलं होतं. एवढंच झालं होतं. तंकमणीच्या कानात निवेदिका हसू दाबत म्हणाली, “चेची, अहो ताई, तुमचं बोलणं टीव्हीवर चाललंय. कुठलं गाणं लावू?”

“कुठलंही लावा,” तंकमणी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्यांनी होडीतलं एक प्रेमगीत लावलं. सासू-सुना दोघींनी ते शेवटपर्यंत बघितलं, कारण उठायचं कुणालाच सुचेना.

त्याच वाहिनीवर शनिवारी एक विनोदी कार्यक्रम असायचा. पुढाऱ्यांच्या चुका, बातमीदारांची फजिती, थेट प्रक्षेपणात कुणी घसरलं, कुणी शिंकलं, कुणाच्या मागे म्हैस येऊन उभी राहिली, असं आठवडाभरातलं गोळा करून दाखवत. जोबी नावाचा गोरटेला, गुबगुबीत माणूस ते सगळं सांगायचा. त्या शनिवारी त्याने तंकमणीचा आवाज लावला. पाच संडासांपासून ‘मंगळवारी वरचा’ इथपर्यंत. तिथे त्यांनी पाणी सोडल्याचा आवाज टाकला होता आणि वर हशा. पुढचं वाक्य नव्हतं. राखणदारीण नव्हती, फरशीचा नमुना नव्हता. पुढच्या शनिवारी लोकांच्या आग्रहाखातर म्हणून पुन्हा लावलं. तेवढंच.

मग ते गावभर झालं. रेशनच्या रांगेत कुणीतरी म्हणे, “तंकमणीला पुढे जाऊ द्या रे, तिला घाई असते.” बसचा वाहक तिकीट देताना विचारायचा, “चेची, आज कुठला वार?” तिठ्यावरच्या टाइल्सवाल्याने निरोप पाठवला की दुकानाच्या पाटीवर तुमचा फोटो लावू का, भाव कमी करून देऊ. ही माणसं वाईट नव्हती. पुरात याच वाहकाने कल्याणीअम्माला पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवलं होतं. म्हणून तंकमणीचा राग आणखीच वाढायचा. वाईट माणसाला शिवी देता येते. हे सगळे प्रेमाने हसत होते.

देवळाच्या उत्सवात नकलाकारांचा ताफा आला. पुढाऱ्यांच्या, नटांच्या, आगगाडीच्या नकला झाल्या, आणि मग एक मुच्छड पुरुष गाऊन घालून, खांद्यावर टॉवेल टाकून, हातात बादली घेऊन मंचावर आला. तो काही बोलायच्या आधीच लोक हसायला लागले. तंकमणी पुढच्या रांगेत बसली होती. बादलीचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नकलाकाराने ती आपल्या मनाने घेतली होती, आणि ती बरोबर होती. हे तिला सगळ्यात झोंबलं. ती उठली आणि चालायला लागली. त्यावर मागून कुणीतरी ओरडलं, “कितव्या नंबरला?” सगळं मैदान हसलं. मंचावरच्या त्या मुच्छड बाईनेही टॉवेल हलवून तिला निरोप दिला.

घरी येताना कल्याणीअम्मा तिच्या मागून धापा टाकत येत होती. वाटेत ती म्हणाली, “मी ‘हळू बोल’ म्हटलेलंही त्यांनी कापलं. ते ठेवलं असतं तर निदान लोकांना कळलं असतं की घरात कुणीतरी शहाणं आहे.”

तंकमणी वळली. “अम्मा, तुम्हीसुद्धा?”

“मी हसतेय का?” म्हातारी म्हणाली. “मी आपली हिशोबाला धरून बोलतेय. पुढचं जे बोललीस ते कापलं. ते माझ्या मुलाबद्दल होतं. ते खरं होतं, म्हणून कापलं. गंमत होती तेवढी ठेवली.”

इतकी वर्षं या बाईबरोबर भांडून तंकमणीला तिच्याकडून हे ऐकायची सवय नव्हती. ती पावलं हळू टाकायला लागली, म्हणजे म्हातारीला गाठता यावं.

सुगुणनचा फोन शुक्रवारी आला. त्याची सुट्टी शुक्रवारी असायची.

“कॅम्पात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस,” तो म्हणाला. “जो तो विचारतो, सुगुणा, सहावा कधी बांधतोस?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हणणार? हसलो.”

“हसलात.”

“मग रडू का सगळ्यांसमोर? तूही हस. आपण हसलो की लोक विसरतात.”

“मी काय बोलले ते ऐकलंत का तुम्ही?”

“सगळ्यांनी ऐकलं, तंकम.”

“सगळ्यांचं नाही विचारत. पुढचं ऐकलंत का? पाच संडासांच्या पुढचं?”

“पुढे काय होतं? आमच्याकडे गलका एवढा झाला… जाऊ दे ना. फोनचं कार्ड संपत आलंय.” आणि खरंच ते संपलं. नेहमी तेच संपायचं.

रिसीव्हर हातात धरून तंकमणी जिन्याखाली उभी राहिली. जगातल्या सगळ्या मल्याळी माणसांनी तिचं बोलणं ऐकलं होतं, आणि ज्याच्यासाठी फोन लावला होता त्याने नव्हतं. तिला राग आला, पण तो आता पसरट नव्हता, शिवणाच्या सुईसारखा एका टोकाला आला होता. लोक हसोत नाहीतर रडोत, त्या माणसाला पुढचं ऐकवायचं. बाकी काही नको.

ओणमच्या आठवड्यात वाहिनीवरून फोन आला. बाई गोड बोलत होती. “वर्षातले सगळ्यात आवडते प्रेक्षक म्हणून तुम्हाला बोलवायचंय, चेची. थेट प्रक्षेपण आहे. जोबीचेट्टन स्वतः बोलतील. गाडी पाठवू. एक छोटीशी भेटही आहे.”

“मला काय करायचं असतं?”

“काही नाही. ते वाक्य एकदा म्हणायचं आणि हसायचं.”

“तिकडेही दिसतं ना? शारजाला?”

“सगळीकडे, चेची. तिकडेच जास्त बघतात.”

सुगुणनला कळलं तेव्हा तो आनंदला. “जा,” म्हणाला. “हसून ये, म्हणजे मिटलं. मी खोलीतल्या सगळ्यांना सांगतो बसायला.”

“सांगा,” तंकमणी म्हणाली. “सगळ्यांना बसवा. तुम्ही पुढे बसा.”

ती आणि कल्याणीअम्मा गाडीतून कोचीला गेल्या. दोघी सोनेरी काठाच्या पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या. तंकमणीने आपला ब्लाउज स्वतः शिवला होता. रंगभूषा करणाऱ्या मुलीने बाहीची शिवण उलटून पाहिली आणि कुठल्या दुकानातला म्हणून विचारलं. कितीतरी दिवसांत कुणी तिला संडासांव्यतिरिक्त दुसरं काही विचारलं नव्हतं. तंकमणीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि काजळ पुन्हा लावावं लागलं.

आत मंच सजवला होता. मध्ये मोठी फुलांची रांगोळी होती, फुलं कापडी. तिच्या मधोमध लाल साटिनच्या कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं. कल्याणीअम्माला समोर पहिल्या रांगेत बसवलं. तंकमणीच्या साडीला छोटा माइक टाचला आणि तिला हाताला धरून मंचावर नेलं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

“तर मंडळी,” जोबी म्हणाला, “ज्यांचा आवाज साऱ्या केरळाने ऐकला, पण चेहरा कुणीच पाहिला नाही, त्या आमच्या तंकमणीचेची. चेची, घरी किती आहेत म्हणालात?”

लोक आत्तापासूनच हसत होते.

“पाच,” तंकमणी म्हणाली.

“पाच. आणि ओणमनिमित्त आमच्याकडून…” त्याने साटिनचं कापड ओढलं. खाली पांढराशुभ्र कमोड होता. त्याच्या गळ्यात मोगऱ्याचा गजरा आणि टाकीवर लाल फीत. “सहावा. आता शनिवारचीही सोय झाली. बसा चेची, बसून म्हणा ते वाक्य.”

पडदा हलेल एवढं हसणं झालं. वादकांनी झांज वाजवली. तंकमणीने त्या भांड्याकडे पाहिलं. गजरा मात्र खरा होता. तिला वाटलं, मी आता किंचाळेन; पण किंचाळले तर पुढच्या शनिवारी तेही लावतील. तिने श्वास घेतला.

“याच्यावर मी बसणार नाही,” ती साध्या आवाजात म्हणाली.

“चेची लाजतायत,” जोबी लोकांना म्हणाला.

“मी लाजत नाहीये. मला राग आलाय. तुम्हाला फरक कळत नसेल तर थोडं गप्प बसा.” ती लाल दिव्याकडे वळली आणि नवऱ्याला हाक मारते तशी म्हणाली, “चेट्टा, तुम्ही पुढे बसला असाल. त्या दिवशी माझं अर्धंच दाखवलं यांनी. पुढचं ऐका.”

हशा अजून चालू होता, पण त्याला आता भोकं पडायला लागली होती. जोबीने कॅमेऱ्यामागे बघून बोटांनी कात्रीची खूण केली.

“तुम्ही म्हणालात गवंड्यांपाशी उभी राहा, मी उभी राहिले. दुकान सोडलं. मला विचारलं नाहीत की तुला हे घर पाहिजे का. दर वेळी विचारता, टाइल पोचली का, रंग कसा दिसतो. घर कसं आहे ते रोज विचारता, चेट्टा. मी कशी आहे हे…”

इतक्यात लाल दिवा विझला. मंचासमोरच्या छोट्या पडद्यावर सोन्याच्या दुकानाची जाहिरात सुरू झाली: नवरी, हत्ती, गळाभर हार. हेडफोन घातलेला एक माणूस धावत आला आणि तंकमणीच्या साडीवरचा माइक काढायला लागला. पण माइक बंद करायचा ते पुन्हा विसरले होते. चित्र गेलं होतं, आवाज नव्हता गेला. पडद्यावर नवरी लाजत मान खाली घालत होती आणि तिच्या तोंडून तंकमणी बोलत होती.

“हात लावू नका. …मी कशी आहे हे एकदा तरी विचारलंत? मी राखणदारीण नाही. मला हे पुरे झालं. आता विशूच्या सणापर्यंत मी…”

“तिला बोलू द्या,” पहिल्या रांगेतून कल्याणीअम्माचा आवाज आला, तोही पडद्यातून उमटला. “तुमचं हसून झालं ना? मग आता ऐका की.”

त्यानंतर कुणीतरी खरंच बटण दाबलं आणि हत्तींचं संगीत ऐकू यायला लागलं.

परतीला गाडी मिळाली नाही. ती गोड बोलणारी बाई कुठे दिसेना. दोघी जणी बसने निघाल्या. कल्याणीअम्माने खिडकीची जागा घेतली आणि त्रिशूर येईपर्यंत ती एकच वाक्य बोलली, “तो गजरा तरी काढून आणायला हवा होता, मोगरा किती ताजा होता.”

शनिवारच्या कार्यक्रमात ते काही दाखवलं नाही. वर्षभर लोकांच्या चुका दाखवणाऱ्यांना आपली ही चूक तेवढी विनोदी वाटली नाही. ज्यांनी तेव्हा टीव्ही लावला होता त्यांनीच ते ऐकलं. गावातलं हसणंही एकदम थांबलं असं नाही. तिठ्यावर काही जण अजून वार विचारायचे. पण बसमधला तो वाहक तिकीट फाडताना तिच्याकडे न बघता म्हणाला, “माझी बहीण मस्कतवाल्याला दिलीय.” आणि पुढच्या माणसाकडे सरकला.

कोचीहून त्या परतल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सुगुणनचा फोन आला. शुक्रवार नव्हता.

“तंकम,” तो म्हणाला.

“बोला.”

“विशूपर्यंत काय? तिथे आवाज गेला.”

तंकमणीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. इतके महिने मनात घोळवलेलं बोलणं आता तोंडात कोरडं झालं होतं. “विशूपर्यंत या,” ती म्हणाली. “एप्रिलच्या सणाला. कायमचे. नाही आलात तर मी या घराला कुलूप लावते. अम्माजवळ जुन्या घरात राहीन आणि गुरुवायूरला दुकानात कामाला जाईन. मी विचारून आलेय, ते घेतायत. तुम्हाला घर राखायचं असेल तर येऊन राखा.”

“इतक्या लवकर कंपनी सोडत नाही गं.”

“मग मी सोडते.”

“खोलीत सगळे होते,” तो म्हणाला. “तू बोलायला लागलीस आणि कुणी हसलं नाही. कुणी माझ्याकडे बघेना. मग एकेक उठून बाहेर गेला, कपडे धुवायला, पाणी भरायला. मीही गेलो.”

“कुठे?”

“बाहेर. मला कुणाला तोंड…” त्याने वाक्य सोडून दिलं. “अजून रागावली आहेस?”

“हो.”

“किती दिवस राहणार राग?”

“ते मला कसं माहीत? आला तेव्हा मी त्याला विचारलं नव्हतं.”

पलीकडे त्याने नाक ओढलं. सर्दी होती की आणखी काही, ते तिला कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. “मी साहेबाशी बोलतो,” तो म्हणाला. “विशूचं नक्की सांगत नाही. पण बोलतो.”

“बोला.”

“आणि तंकम… तू कशी आहेस?”

तिला वाटलं होतं की हा प्रश्न आला की आपण रडू. रडू आलं नाही. तिने सांगितल्यावर विचारलेला प्रश्न तो. तिने तो ऐकला आणि बाजूला ठेवला, शिवायला आलेलं कापड मापं घ्यायच्या आधी ठेवतात तसा. बाहेर रस्त्यावर सायकलची घंटा आणि मासेवाल्याची आरोळी जवळ येत होती. कल्याणीअम्मा अंगणातून टोपली वाजवून तिला बोलवत होती.

“ते निवांत सांगेन,” तंकमणी म्हणाली. “ठेवते आता. मासेवाला आलाय, आज तारल्या आहेत.”